रस्त्यानं निवडलेलं गाणं

पोर्ट ऑफ स्पेन : नाताळ सरला की त्रिनिदादमध्ये ‘सोका’ संगीताला भर येतो. टॅक्सीत, दुकानांत, रेडिओवर नवी गाणी घुमू लागतात आणि चर्चा सुरू होते, यंदाचा ‘रोड मार्च’ कुणाचा? ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधीचे सोमवार आणि मंगळवार हे कार्निव्हलचे दिवस. मिरवणुकीतले ताफे ठरलेल्या ठिकाणांवरून जाताना जे गाणं सर्वाधिक वेळा वाजतं, त्याला हा मान मिळतो.

२०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षं हा मान एकत्र गायलेल्या गाण्यांना मिळाला. आधी माशेल मोंटॅनो आणि सुपरब्लू, शेवटी आयवर जॉर्ज आणि केस. मधल्या वर्षीच्या ‘फॅमले’त मोंटॅनोबरोबर बंजी गार्लिन होता. एकेकाळी हे दोघे एकमेकांचे कडवे प्रतिस्पर्धी मानले जात. तिसरा स्किनी फॅब्युलस, तो तर सेंट व्हिन्सेंट बेटाचा. सोकामध्ये वाटून घेण्याची रीतच आहे. संगीतकार एक ठेका बांधतो, त्याला इथे ‘रिदिम’ म्हणतात. त्याच ठेक्यावर अनेक गायक आपापली गाणी रचतात.

सोकाच्या जडणघडणीतही असाच मेळ आहे. १९७०च्या दशकात लॉर्ड शॉर्टी या आफ्रिकी वंशाच्या गायकानं कॅलिप्सो या इथल्या जुन्या गानप्रकारात ढोलक आणि दंताल (लोखंडी दांड्याचं तालवाद्य) आणले आणि त्यातून सोका घडला. ही वाद्यं इथे पोचली ती ऊसमळ्यांवर मजुरीला आलेल्या भारतीयांबरोबर. त्यांचं पहिलं जहाज ३० मे १८४५ला इथल्या किनाऱ्याला लागलं. पुढे १९८०च्या दशकात द्रुपती रामगुनाई सोका गाऊ लागली, तेव्हा भारतीय वंशाच्या बाईनं कार्निव्हलमध्ये गावं का, म्हणून तिच्या समाजातल्या काहींनी कडाडून विरोध केला. ती मागे हटली नाही. १९८८च्या तिच्या गाजलेल्या गाण्याचा नायक ताशा वाजवणारा आहे. नंतर तिनं मोंटॅनोबरोबरही गायलं.

हो, ताशाच! मोहरमच्या मिरवणुकांतून इथे रुजलेला हा ताशा मातीच्या भांड्यावर बकरीचं कातडं ताणून करतात आणि वाजवण्याआधी शेकोटीवर तापवतात. जोडीला ढोल आणि झांज. लग्नात वाजणारी ही पथकं सोकाचा ठेकाही लीलया धरतात. लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक अनुभवलेल्या पुणेकराला हा कडकडाट परका वाटणार नाही.

इथे भारतीय आणि आफ्रिकी वंशाचे लोक जवळपास सारख्याच संख्येनं आहेत. मतदान बरंचसं वंशानुसार होतं. एका गाण्यानं ही दरी बुजत नाही; पण एकाच्या ठेक्यावर दुसऱ्यानं गायचं, ही सवय दोघांनाही लागली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. पुण्याच्या एखाद्या पथकानं आणि इथल्या ताशावाल्यांनी मिळून एक गाणं करावं. दोन्हीकडच्या वाद्यांचं कूळ एक आहे, आणि दोन्हीकडे गर्दीला नाचवणारा रस्ताही आहे.