दिवसाला एक मिलिमीटर

पायाभोवती धातूच्या कड्या, मांसातून आरपार गेलेल्या तारा आणि काखेत कुबडी. अपघातानंतर असा चालणारा माणूस आपण कधी ना कधी पाहिलेला असतो. ‘त्याला रिंग बसवलीय’ असं आपल्याकडे म्हणतात. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण कापावा लागेल की काय, अशी भीती ज्या पायाबद्दल होती, तोच पाय त्या कड्यांच्या आत रोज थोडा थोडा वाढत असतो.

या कड्या सैबेरियातून आल्या. गावरिल इलिझारोव्ह १९४४ मध्ये डॉक्टर झाले आणि पश्चिम सैबेरियातल्या कुर्गान प्रांतात, दोल्गोव्का नावाच्या खेड्यात नेमले गेले. महायुद्धात हाडं मोडलेली माणसं तेव्हा गावोगाव होती. उपाय काय, तर प्लास्टर आणि महिनोन् महिने अंथरूण. १९५१ च्या सुमारास इलिझारोव्हनी आपलं उपकरण तयार केलं. बारीक तारा हाडातून आरपार घालायच्या, ताणून कड्यांना आवळायच्या आणि कड्या आटे पाडलेल्या दांड्यांनी एकमेकींना जोडायच्या. सायकलच्या ताणलेल्या तारा जसा माणसाचा भार पेलतात, तशा या तारा हाड पेलतात. त्यामुळे रुग्ण लवकर उभा राहू शकतो.

सुरुवातीला हे उपकरण तुटलेली टोकं एकमेकांवर दाबण्यासाठी होतं. सांगतात, की एका रुग्णाने नट उलट्या दिशेने फिरवले. टोकं दाबली जाण्याऐवजी दूर गेली आणि एक्स-रेमध्ये त्या फटीत नवं हाड धरलेलं दिसलं.

ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र त्यानंतरची वर्षं मोठी वाटतात. उलटा फिरलेला नट एखाद्याने चूक म्हणून सरळ करून टाकला असता. इलिझारोव्हनी त्यातून प्रश्न काढला: हाड किती वेगाने ताणलं तर वाढतं? त्यासाठी कुत्र्यांवर प्रयोगांमागून प्रयोग झाले. दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणलं तर फट वेळेआधीच जुळून जाई. दोन मिलिमीटर ताणलं तर हाड नीट धरत नसे, आजूबाजूच्या मांसालाही इजा होई. एक मिलिमीटर जमलं, तेही एकदम नव्हे, पाव पाव मिलिमीटर करत चार वेळा. यंत्राने तेच एक मिलिमीटर दिवसभरात साठ बारीक टप्प्यांत वाटलं, तेव्हा हाड आणखी चांगलं आलं. लांबी वाढवण्यासाठी हाड कापतानाही आतली मज्जा आणि वरचं आवरण जपायचं, कारण रक्तपुरवठा तिथूनच होतो. सावकाश ताण दिला तर स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, कातडी, सगळंच हाडाबरोबर वाढतं.

मोठ्या शहरांतल्या तज्ज्ञांनी या खेड्यातल्या डॉक्टरकडे बराच काळ लक्ष दिलं नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक मिळवणारा व्हालेरी ब्रूमेल १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात सापडला. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या तरी पाय बरा होईना. १९६८ मध्ये तो कुर्गानला इलिझारोव्हांकडे गेला आणि पुढे पुन्हा दोन मीटरहून उंच उडाला. मग इलिझारोव्हांचं देशभर नाव झालं. देशाबाहेर ते पोचवलं कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाने. वर्षानुवर्षं दुखणारा पाय घेऊन तो १९८० मध्ये कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला. त्याच्या देशातले डॉक्टर चकित झाले. १९८१ मध्ये इलिझारोव्हना इटलीत बेलाजिओ इथे व्याख्यानांसाठी बोलावणं आलं. कुत्र्यांवरच्या प्रयोगांचे दोन प्रसिद्ध इंग्रजी निबंध छापून आले ते १९८९ मध्ये, उपकरणानंतर जवळपास चार दशकांनी. १९९२ मध्ये कुर्गानलाच इलिझारोव्ह वारले.

आज आपल्याकडे अकोल्यातही या पद्धतीला वाहिलेलं केंद्र आहे. उपचार मात्र दवाखान्यात संपत नाही. तो घरी, पलंगाच्या कडेला बसून, हातात छोटा पान्हा घेऊन चालतो: सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपताना, पाव पाव फेरा. पायजम्याची शिवण उसवून नाड्या लावलेल्या असतात, तारांभोवतीची कातडी रोज साफ करावी लागते. लांबी मिळाली तरी हाड पक्कं व्हायला त्याहून जास्त दिवस जातात.

तुमच्या घरी कुणाला रिंग बसली असेल तर एवढं करा. नट कोणत्या दिशेला फिरवायचा, हे डॉक्टरांसमोर स्वतः फिरवून पक्कं करा. प्रत्येक फेऱ्याची वेळ वहीत लिहा. तारेपाशी लाली किंवा पू दिसला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि रुग्णाची विडी-सिगारेट आजच बंद करा, तिच्यामुळे हाड जुळायला वेळ लागतो.