गिनीपिगची सर्दी साधी नसते

गिनीपिग आजारपण लपवतो. जंगलात अशक्त दिसला की संपला, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्यामुळे नाक ओलं, डोळे चिकटलेले, छातीत खरखर आणि पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूला वाळलेला शेंबूड (नाक तो तिथंच पुसतो) दिसेपर्यंत दुखणं बरंच पुढं गेलेलं असतं. बोर्डेटेला किंवा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे न्यूमोनिया झाला, तर तो पाहता पाहता दगावतो. म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन मात्र चुकूनही पाजू नका. पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली, तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो आणि सर्दीऐवजी जुलाबानंच जीव जातो.

खाणं थांबलं की त्याचं आतडंही थांबतं. गवताच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून पातळ लगदा करा आणि सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थेंबथेंब भरवा. तो चावतोय, गिळतोय हे बघत राहा. घाई केली तर घास फुप्फुसात जातो. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. माणसासारखंच त्यालाही क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. आजारात किलोमागे रोज ३० ते ५० मिलिग्रॅम लागतं. ते पाण्यात टाकलं तर लवकर निकामी होतं, थेट तोंडात द्यावं. ढोबळी मिरचीतूनही ते मिळतं आणि ती तो आवडीनं खातो.

धुळीचा त्रास नको म्हणून पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा काढून मऊ कापड अंथरा. ससा शेजारी असेल तर वेगळा ठेवा. बोर्डेटेला त्याच्याकडे बिनतक्रार मुक्कामाला असतो.