जुन्या स्मृतीशी नव्या स्मृतीचा मेळ

जयपूर नगराच्या आग्नेय बाजूस, अरवलीच्या टेकड्यांना लागून झालाना डुंगरी नावाचा परिसर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे कार्यालय तेथे आहे. खडक, खनिजे व नकाशे यांविषयीची माहिती हेच अशा कार्यालयाचे खरे धन होय. पूर्वी असे धन कागदावर जपले जाई. आता ते बव्हंशी संगणकात असते. संगणक जुना होऊन काम मंदावले की, नवे यंत्र घेण्याऐवजी आहे त्यातच रॅमची आणखी एक पट्टी बसवावी, असा काटकसरीचा विचार कोणत्याही कार्यालयात, तसाच घरातही, सुचतो. विचार योग्यच आहे. परंतु जुन्या पट्टीशेजारी निराळ्या जातीची पट्टी बसविली असता काय घडते, हे समजून घेतल्यावाचून तो अमलात आणू नये.

आपल्या देशातील आरंभीच्या संगणकांपुढे हा प्रश्न नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफरॅक’ या यंत्राची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. ती स्मृती त्या यंत्राचाच एक अवयव होती. आज ८ गिगाबाइटांच्या एका पट्टीत तिच्या सुमारे ८ लाख ४० हजार पट माहिती मावते. परंतु पट्टी एका कारखान्याची, मदरबोर्ड दुसऱ्याचा, अशी स्थिती असते. म्हणूनच मेळाचा प्रश्न उद्भवतो.

आजच्या रॅमचे मूळ तत्त्व आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधले. १९६८ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. प्रत्येक बिटासाठी एक ट्रँझिस्टर व एक सूक्ष्म धारित्र असते. धारित्रात विद्युत्भार असल्यास १, नसल्यास ० असे मानतात. हा भार सतत गळत असतो. म्हणून एका सेकंदाच्या हजार भागांपैकी ६४ भागांच्या आत सर्व कोठड्या पुन्हा भराव्या लागतात. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास हेच काम दुप्पट वेगाने करावे लागते. जेथे उन्हाळ्यात हवेचा पाराच ४० अंश ओलांडतो, तेथे धुळीने भरलेला पंखा ही क्षुल्लक बाब नव्हे.

प्रत्येक पट्टीवर एक लहानशी चिप असते. पट्टीचा वेग, क्षमता व विलंब यांची नोंद तीत असते. संगणक सुरू होताच या नोंदी वाचल्या जातात आणि सर्वांना झेपेल अशी चाल ठरते. बैलजोडीतील एक बैल चपळ व एक मंद असला, तर गाडी मंद बैलाच्याच चालीने जाते. त्याचप्रमाणे ३,२०० वेगाची पट्टी २,४०० वेगाच्या पट्टीशेजारी बसविल्यास दोन्ही २,४०० नेच चालतात. क्षमता विषम असली, उदाहरणार्थ एक ८ व दुसरी ४ गिगाबाइटांची, तरी बहुतेक यंत्रे चालतात. मात्र दोन्ही मार्गांनी एकाच वेळी माहिती नेण्याचा लाभ प्रत्येकीच्या ४ गिगाबाइटांपुरताच मिळतो.

पिढी मात्र एकच हवी. डीडीआर-३ पट्टीला २४० संपर्कबिंदू असतात. डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोहोंना २८८ असले, तरी त्यांची खाच निराळ्या जागी असते व विद्युत्दाबही भिन्न असतो. पट्टी सहज बसत नसेल, तर बळ लावू नये.

कारखाने दोन वा चार पट्ट्यांचा संच एकत्र तपासून विकतात, याचे कारण आता ध्यानात येईल. वेष्टनावरील वाढीव वेगाची हमी त्या संचापुरतीच असते. असे दोन संच एकत्र केले, तर ती हमी उरत नाही. कारण नाव तेच असूनही आतील चिप निराळ्या असू शकतात, शिवाय चार पट्ट्यांचा भार स्मृती-नियंत्रकावर अधिक पडतो.

संगणक सुरूच झाला नाही, तर दोष निदान उघड होतो. खरा धोका तो सुरू होऊन चालू लागतो यात आहे. आठ बिटांत लिहिलेल्या ५ या अंकाचा सर्वांत डावा बिट उलटला, की त्याचे १३३ होतात. स्मृती व प्रक्रियक यांमधील अशी चूक ओळखण्याची सोय बहुतेक साध्या संगणकांत नसते. ती चूक निमूटपणे फाइलीत लिहिली जाते आणि तिचीच प्रत पुढे निघत राहते.

म्हणून पट्टी बदलण्यापूर्वी माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी. बदलानंतर मेमटेस्ट८६ सारख्या कार्यक्रमाने रात्रभर तपासणी करावी. एकही चूक आढळल्यास ती उपेक्षणीय मानू नये. प्रत्येक पट्टी एकटी तपासावी. एकेकटी निर्दोष ठरली, तर दोष मेळात आहे असे समजावे. मग वाढीव वेग बंद करून प्रमाणित वेगावर पुन्हा पाहावे. तरीही चूक राहिली, तर त्या पट्ट्या एकत्र वापरू नयेत. पट्टीची किंमत काही हजारांची असेल. परंतु तिच्यावरून जाणाऱ्या माहितीमागे कित्येक वर्षांचे श्रम असतात.