सव्वादोनशे चौरस फुटांतले ऋतू

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधली पुनर्वसनाची घरं 225 चौरस फुटांची. ऋतूप्रमाणे पडदे, गालिचे बदला हा सल्ला इथे चालत नाही. उतरवलेलं ठेवायचं कुठे? पण आपली सजावट मुळात दारावर आणि देवाच्या भिंतीवर होते. तिला कपाट लागत नाही.

चैत्रात आंब्याची डहाळी, कडुनिंबाचा तुरा. श्रावणात जिवतीचा कागद. तो नीट बघा: नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना घेतलेल्या जरा-जिवंतिका, हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती. इतकी देखणी चित्रं आणि महिनाभर घरात! खाडीकडच्या दमट हवेत कागद फुगतो, म्हणून पुठ्ठ्यावर डकवून टांगा.

माझा सगळ्यात लाडका दसरा. झेंडू, आंब्याची पानं आणि मधूनमधून भाताच्या लोंब्या. शेतात पीक तयार होत आल्याची खबर शहरातल्या दाराला मिळते ती या लोंब्यांमुळेच. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पण त्याच्याशिवाय आता आपलं तोरण पुरं होत नाही. पहाटे कुर्ल्याला गाडी बदलून दादरचा फूलबाजार गाठा, फुलं ताजी मिळतात. दिवाळीला बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद आणून कंदील घरीच करा.

दसऱ्याचं तोरण सुकलं की कचऱ्यात टाकू नका. सुकलेल्या पाकळ्यांच्या बुडाशी काळं, बारीक बी असतं. ते जपून ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यात, जुलैअखेर, खिडकीतल्या कुंडीत पेरा. झेंडूला फुलायला साधारण दोन महिने लागतात.