व्यक्ती, समाज आणि कायदा – लेखांक ६ : जमीन ज्याची, पाणी कोणाचे?

आपल्या हद्दीत जमिनीखाली जे पाणी सापडेल आणि जे ठरावीक प्रवाहातून वाहत नसेल, ते काढून घेऊन हवे तसे वापरण्याचा हक्क जमीनमालकाला आहे, असे भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या सातव्या कलमाखाली उदाहरणादाखल १८८२ पासून नोंदलेले आहे. हा विचार इंग्लंडच्या न्यायालयांतून आला. तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८५९ साली एका खटल्यात सांगितले की झिरपत जाणाऱ्या पाण्याची वाट कोणालाच ठाऊक नसते, तेव्हा त्यावर शेजाऱ्याचा हक्क मानता येत नाही. त्याच वर्षी जॉन स्टुअर्ट मिल यांचा स्वातंत्र्यावरचा ग्रंथ निघाला. माणसाच्या वागण्यावर समाजाने बंधन घालावे ते दुसऱ्याची हानी टाळण्यापुरतेच, हे त्यातले मुख्य सूत्र. म्हणजे हानी कशाला म्हणायचे हे ठरवणारे सूत्र आणि जमिनीखालची हानी दिसतच नाही असे सांगणारा निकाल, दोन्ही एकाच वर्षातले. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण भागात या दोहोंची गाठ पडते.

हा सगळा प्रदेश काळ्या पाषाणाचा. पाऊस मुरतो तो वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तळाला मोठा साठा नसतो. चाळीस-पन्नास फुटांच्या विहिरीत चारी बाजूंच्या झऱ्यांतून पाणी येते. मग शेजारच्या बांधापलीकडे बोअरची गाडी उभी राहते. कॉम्प्रेसर सुरू झाला की पांढऱ्या भुकटीचा लोट उठतो. वरच्या भुसभुशीत थरात केसिंग पाइप उतरतो, खाली हातोडा खडक फोडत दोनशे-तीनशे फूट जातो आणि एखादी भेग लागली की भुकटीच्या जागी चिखल उसळतो. पाणी लागले म्हणून नारळ फुटतो. त्या भेगेचा दुसरा शेंडा बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या विहिरीखालून गेलेला असतो. सबमर्सिबल पंप चालू झाल्यावर विहिरीचे झरे हटतात. विहीरवालाही बोअर मारतो, त्याच्याहून खोल. एका ताटात जेवायला बसलेल्यांनी घास मोजायचे सोडून द्यावेत, तसे हे होते. चोरी कोणीच केलेली नसते आणि प्रत्येकाच्या हातात सातबारा असतो.

जिल्ह्याच्या उत्तरेला हा पेच इतका तीव्र नाही. १९२६ साली पुरे झालेले भंडारदरा धरण आणि प्रवरेचे कालवे यांवर तिथला ऊस उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना निघाला. पारनेर, नगर, पाथर्डी, जामखेड या तालुक्यांना कालव्याचा असा आधार फारसा मिळाला नाही. तिथे पाणी म्हणजे बरसलेले आणि जिरलेले.

नगर तालुक्यातले हिवरे बाजार हे त्यातलेच एक गाव. वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उघडे डोंगर, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगारासाठी बाहेर पडलेली माणसे. पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले. बांध, चर, नालाबंडिंगची कामे झाली. अशी कामे इतर गावांतही झाली आहेत, आणि अनेक ठिकाणी अडवलेले पाणी बोअरवाल्यांनी दोन-तीन वर्षांत उपसून नेले. हिवरे बाजारने वेगळे केले ते एवढेच की ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असा नियम केला. ऊस आणि केळीसारखी पिके बंद झाली. बाहेरच्याला जमीन विकायची नाही असेही ठरले. कायद्याने दिलेला हक्क गावाने आपण होऊन बाजूला ठेवला. पुढे आदर्श गाव योजनेच्या सप्तसूत्रीत चराईबंदी, नसबंदी यांच्याबरोबर बोअरवेलबंदीही आली.

हा नियम टिकला कसा, हे पाहण्यासारखे आहे, कारण कोर्टात तो टिकला असता की नाही याची शंकाच आहे. गावात पर्जन्यमापक आहेत, ठरावीक विहिरींची पाण्याची पातळी मोजली जाते आणि त्यावरून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी, मग शेतीचे. पाऊस कमी पडलेल्या वर्षी जास्त पाणी खाणारे पीक टाळायचे, हे आकडे समोर ठेवून ठरते. १८५९ च्या न्यायाधीशांना जे अज्ञेय वाटले, ते इथे फळ्यावर लिहिलेले असते. आपण सोडलेले पाणी दुसरा पळवणार नाही याची खात्री असल्याशिवाय कोणी पाणी सोडत नाही, आणि ती खात्री सरपंचाच्या भाषणाने येत नाही, मापाने येते. सामायिक साधनसंपत्ती लोकांच्या हाती राहिली की तिचा नाश ठरलेलाच, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली लिहिले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या सिंचनव्यवस्था, कुरणे आणि मासेमारीची ठिकाणे अभ्यासून ते सरसकट खरे नसल्याचे दाखवले आणि त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. नियम वापरणाऱ्यांनीच केलेला असावा, देखरेख त्यांचीच असावी, ही त्यांच्या निरीक्षणांतली मुख्य गोष्ट. शेजारच्या पुणे जिल्ह्यात विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत १९७० च्या दशकात याहून पुढे गेली होती. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर ठरला नाही, कुटुंबातल्या माणसांवर ठरला आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मिळाला.

बंधनाचा भार मात्र सगळ्यांवर सारखा पडत नाही. बोअरबंदीने ज्याचे नुकसान होते त्याच्याकडे जमीन असते आणि वर चढलेल्या पाण्याचा फायदाही त्यालाच मिळतो. चराईबंदीचे तसे नाही. ज्याच्याकडे रान नाही पण चार शेळ्या आहेत, त्याच्यावर पहिला घाव बसतो. हिवरे बाजारने डोंगरावरचे गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवली, म्हणून ती बंदी गोठ्यात जनावर बांधणाऱ्यांना झेपली. ही मुभा नसती, तर ‘गावाचे हित’ म्हणजे बागायतदाराचे हित ठरले असते.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचा अनुभव या प्रश्नाची दुसरी, अवघड बाजू समोर आणतो. अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातून परतले, यादवबाबांच्या मंदिराचा त्यांनी जीर्णोद्धार केला, दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. न ऐकणाऱ्या पिणाऱ्यांना मंदिराजवळच्या खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने मारले जाई. हे हजारे यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितले आहे, आणि आजारी मुलाला आई कडू औषध पाजते तसे ते होते, असे समर्थनही केले आहे. दारूने घर उद्ध्वस्त होते, बायकोपोरांना मार बसतो, ही हानी खरीच. पण प्रौढ नागरिक हा कोणाचे मूल नव्हे. गुन्हा ठरवणारा आणि शिक्षा करणारा एकच असला, तर चूक झाल्यावर दाद मागायला जागा उरत नाही. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी राळेगणच्या व्यवस्थेतल्या या हुकमी वळणावर आणि दलित कुटुंबांच्या मूक संमतीवर बोट ठेवले आहे. त्या टीकेला गावात वाढलेले पाणी आणि बहरलेली शेती हे उत्तर होऊ शकत नाही. पुढे राज्याने दारू दुकानासाठी मतदानाची सोय केली. बंदीचे चिन्ह असलेल्या आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पडली की दुकान बंद. बंधन तेच, पण मत गुप्त आणि पट्टा कोणाच्याच हातात नाही.

आदर्श गाव योजनेच्या सप्तसूत्रीतल्या ‘नसबंदी’बाबत तर राज्याचाच इतिहास सावध करणारा आहे. आणीबाणीत, १९७६ साली, तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी त्याचा कायदा झाला नाही. शरीराला हात न लावता तोच हेतू साधण्याचा मार्ग नंतर निघाला. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्यांना ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. हरियाणातला असाच नियम सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली वैध ठरवला, कारण निवडणूक लढवणे हा मूलभूत हक्क नाही असे न्यायालयाचे मत पडले.

गावाला किती अधिकार असावा, हा वाद संविधान सभेतही झाला होता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुद्यात गाव हा घटक न धरता व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले. गावाचे एकमत कोणाला दाबून घडते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात जागा मिळाली, पण व्यक्तीचे मूलभूत हक्क तिच्या वरच राहिले. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवणारा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा याच धाग्यातला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. नियम मोडून बोअर मारणाऱ्याचे पाणी-किराणा-बोलणे तोडण्याचा जुना उपाय गावकीला आता खुला नाही. समजूत घालावी, पंचायतीकडून मिळणाऱ्या सवलती नियमात बसवाव्यात, नाहीतर कायद्याकडे जावे.

तो कायदाही आता १८८२ चा राहिलेला नाही. केरळमधल्या प्लाचिमडा येथे शीतपेयाच्या कारखान्याच्या उपशावरून झालेल्या खटल्यात, भूजल ही सरकारने जनतेच्या वतीने सांभाळायची ठेव आहे, असे एका न्यायाधीशाने २००३ मध्ये म्हटले. २००५ मध्ये खंडपीठाने ते उलटवून जमीनमालकाचा वाजवी उपशाचा हक्क पुन्हा मान्य केला. महाराष्ट्राने १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला. त्यात शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींना बंदी आहे आणि पाणलोट क्षेत्राची समिती नेमण्याची तरतूद आहे. गावाची शीव खडकातल्या भेगांना ठाऊक नसल्यामुळे नियमाचे क्षेत्र पाणलोटाएवढे असणे रास्तच होते. हिवरे बाजारने सोडलेले पाणी शिवेपलीकडच्या बोअरने ओढले, तर ग्रामसभेचा ठराव तिथे चालत नाही. पण या कायद्याच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये लोकांपुढे आला, तोवर बोअरच्या गाड्या या तालुक्यांतून राजरोस फिरत होत्या.