दंडावरची खरखर: दोष मळाचा नाही

दंडाच्या मागच्या बाजूवर हात फिरवला की खरखर लागते. थंडीने काटा यावा तसे बारीक पुरळ. फक्त हा काटा जात नाही. आमच्या वर्गातल्या काही मुली या संकोचाने उकाड्यातही बाही वर करत नाहीत. घरात बोलणी बसतात, "नीट घासून आंघोळ करत नाहीस!" मग टाचा घासायची वजरी येते, लिंबू-साखर येते आणि कातडी लाल होऊन आग होते.

खरे तर मळाचा इथे काही संबंध नाही. केराटिन हे आपल्या कातडीतले एक प्रथिन. काहींच्या बाबतीत ते केसाच्या छिद्रात साचते आणि तिथे बूच बसते. प्रत्येक पुरळ म्हणजे असे एक बूच. डॉक्टर याला केराटोसिस पायलारिस म्हणतात. ते दंड, मांड्या, कधी गालांवर दिसते. एकाचे दुसऱ्याला लागत नाही. बरेचदा आई-वडिलांकडून येते, कोरड्या हवेत वाढते आणि वयाबरोबर बहुतेकांचे कमी होते. 'अंगात गरमी आहे' म्हणून मुलांचे अंडी-मटण बंद करण्याचेही कारण नाही.

मग करायचे काय? कढत पाण्याऐवजी कोमट पाणी घ्यावे, साबण सौम्य असावा, घासणे थांबवावे. अंग टिपून, कातडी ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा साधे मॉइश्चरायझर लावावे. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांना विचारून युरिया किंवा लॅक्टिक अॅसिडचे क्रीम वापरावे. फरक दिसायला काही आठवडे लागतात आणि लावणे सोडले की खरखर परत येते. पुरळ फोडू नये, डाग राहतात.

खरा धोका आहे तो औषधाच्या दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबचा. सुरुवातीला कातडी उजळ दिसते, पुढे ती पातळ होते, चट्टे पडतात. चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब घेऊच नये.

खूप खाज, पू किंवा वेदना असेल तर डॉक्टरांना दाखवावे. कोपर-गुडघ्यांवर जाड पुरळ असून मुलाला संध्याकाळी नीट दिसत नसेल, तर अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. तिथे उशीर नको.

आणि पाहुण्यांसमोर "हिच्या हातांना काय झालंय?" हा विषय अम्मीने, खालाने काढू नये. मुलीला खरखरीपेक्षा तेच जास्त टोचते.