संगणक बंद, माहिती शाबूत

बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्याच खोपोलीत आज अनेक घरांत संगणक आहे. पावसाळ्यातील दमट हवेने किंवा विजेच्या कमीअधिक दाबाने तो सुरू होईनासा झाला, की शिक्षकाची गुणपत्रके, पंचायत सदस्याची टिपणे व कुटुंबाची छायाचित्रे कायमची गेली, असे वाटते. बहुधा तसे नसते. माहिती हार्ड डिस्कवर असते. वीजपुरवठ्याचा संच, मदरबोर्ड वा विंडोज प्रणाली बिघडली, तरी डिस्क बहुधा शाबूत राहते.

म्हणून आधी माहिती वाचवावी, मग दुरुस्ती करावी. विंडोज नव्याने बसविण्याची घाई करू नये. तसे केल्यास जुनी माहिती पुसली जाण्याचा धोका असतो. वीज तोडून डिस्क काढावी, यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकास लावावी व फाइली उतरवून घ्याव्यात. डिस्क काढता येत नसल्यास पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करूनही हे साधते. डिस्कला बिटलॉकरचे संरक्षण असल्यास मात्र ४८ अंकी किल्ली लागते. ती आधीच लिहून ठेवावी. डिस्क टकटक आवाज करीत असेल किंवा भिजली असेल, तर पुन्हा सुरू न करता जाणकाराकडे न्यावी.

याहून सोपा उपाय आधीच्या दक्षतेत आहे. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत निराळ्या डिस्कवर व दुसरी घराबाहेर ठेवावी. दप्तराची जपणूक करणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.